मामा म्हटले की आई आलीच

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मी स्वयंपाकघरात नागलीचे पापड तळत होते आणि बाहेरच्या खोलीतून एक ओळखीची सुरावट कानावर आली. सूर तेच होते, आवाज मात्र दुसराच होता आणि ठेकाही जरा पळत होता. हातातला झारा तसाच घेऊन मी बाहेर आले. इंदिरानगरच्या आमच्या घरात टीव्हीसमोर माझी नऊ वर्षांची मुलगी मांडी घालून बसली होती आणि पडद्यावर लाल, निळ्या आणि हिरव्या कपड्यांतली बदकाची तीन पिल्ले धावत होती. रंग तेवढे ओळखीचे होते, बाकी सगळे परके होते. गोल, गुबगुबीत चेहऱ्यांना कोपरे आले होते, पाय काड्यांसारखे झाले होते, आणि तिघे तीन निरनिराळ्या आवाजांत इतके भराभर बोलत होते की एकाचे वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचे उत्तर आलेले असे. मी मागचापुढचा विचार न करता म्हणाले, "ही खरी डकटेल्स नाही." मुलीने वळूनही न पाहता विचारले, "मग खऱ्यात यांची आई कुठे होती?" मी म्हणाले, खऱ्यात आई नव्हती. "म्हणजे वारली होती?" तसेही नव्हे. "मग?" मी म्हणाले, त्याबद्दल कुणी काही बोलत नसे. तेव्हा कुठे तिने मान वळवली आणि माझ्याकडे नीट पाहत विचारले, "आणि तुम्ही कुणी विचारलं नाही?"

कढईतल्या तेलाला धूर सुटला होता, म्हणून मी आत गेले.

आम्ही ती मालिका पाहिली ती नाशिकरोडला, मामांच्या घरी. १९९४ च्या जूनमध्ये आई मला आणि माझ्या धाकट्या भावाला तिथे सोडून गेली, तेव्हा चार महिन्यांसाठी असे ठरले होते. बाबा आदल्या वर्षी गेले होते, आईला पेठ तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात आरोग्यसेविकेची नोकरी मिळाली होती, आणि त्या गावात चौथीच्या पुढे शाळा नव्हती. चार महिन्यांची पाच वर्षे झाली. मामा करन्सी नोट प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला "प्रेसमध्ये आहेत" एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. १९२८ पासून तिथे देशाच्या नोटा छापल्या जातात आणि आमच्या वसाहतीत घरटी कुणी ना कुणी तिथेच कामाला होते. मामांचे काम छापून आलेले कागद तपासण्याचे होते. दिवसभर डोळ्यांखालून नोटांचे ताव जात, संध्याकाळी फाटकावर झडती देऊन ते बाहेर पडत, आणि पगाराच्या दिवशी जेवणानंतर ओसरीवर बसून दुधाचे, किराण्याचे आणि आमच्या तिघांच्या फीचे पैसे वेगवेगळ्या पाकिटांत घालत. तिघांच्या म्हणजे माझ्या मामेभावाच्या, माझ्या आणि माझ्या भावाच्या. रविवारी दूरदर्शनवर डिस्नेचा तास लागला की ते तीन रंग आम्ही आपसांत वाटून घेत असू. मामेभाऊ थोरला म्हणून लाल त्याचा, निळ्यावर धाकट्याने हट्टाने हक्क सांगितलेला, आणि हिरवा माझ्या वाट्याला आलेला.

अंकल स्क्रूज, म्हणजे त्या पिल्लांना सांभाळणारा गडगंज श्रीमंत म्हातारा बदक, आपल्या तिजोरीत सूर मारतो आणि सोन्याच्या नाण्यांत पोहतो, ते दृश्य आले की मामा वर्तमानपत्र खाली ठेवून पाहत. त्यांचे एक ठरलेले वाक्य होते: "ही आमच्याकडची नव्हे, ही मुंबईच्या टांकसाळीची. आमच्याकडे नुसता कागद." नोटांना ते कायम कागद म्हणत. दिवसभर जो डोळ्यांपुढून जातो आणि ज्यातला एकही कपटा खिशात येऊ शकत नाही, त्याला माणूस दुसरे काय म्हणणार, हे मला पुष्कळ पुढे उमगले. तेव्हा मात्र मी मनातल्या मनात एक जुळवाजुळव केली होती. त्या पिल्लांना पैशांत राहणारा अंकल होता आणि आम्हाला पैशांत राहणारे मामा होते. ती पिल्ले मोठ्या घरात सुखाने राहत होती आणि आम्हीही राहत होतो. त्यांच्या घरात आईचा विषय निघत नसे आणि आमच्याही घरात, आई आलेली नसली तर, तो फारसा निघत नसे. मला त्यात काही उणे वाटत नव्हते. खरे सांगायचे तर ते मला फार सोयीचे वाटत होते.

आई पंधरा दिवसांनी एकदा येई. शनिवारी दुपारी उपकेंद्र आवरून पेठहून एसटी पकडायची, सावळघाट ओलांडून नाशिक गाठायचे आणि तिथून शहर बसने नाशिकरोडला यायचे. पोहोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असे. तिच्या पिशवीला स्पिरिटचा वास येई आणि उन्हाळ्यात त्याच पिशवीतून पळसाच्या पानात बांधलेली करवंदे निघत, त्यामुळे करवंदांनाही तो वास किंचित लागलेला असे. आजही करवंद तोंडात टाकले की काहीतरी कमी आहे असे मला वाटते. रविवारी आम्ही टीव्हीपुढे बसलो की ती माझ्या मागे येऊन बसे आणि माझे केस विंचरायला घेई. सोमवारी पहाटेच्या गाडीने ती परत जाई.

नव्या मालिकेवरची माझी पहिली चीड एकटीची नव्हती. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ती अमेरिकेत सुरू झाली, त्याच्याही आधी नुसती चित्रे बाहेर आली तेव्हापासून जगभरचे जुने प्रेक्षक हळहळत होते. चेहरे टोकदार केले, रंग सपाट केले, आणि सगळ्यांत मोठे दुःख आवाजाचे होते. अॅलन यंग यांनी इंग्रजीत कित्येक वर्षे स्क्रूजला आवाज दिला होता आणि ते २०१६ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी गेले. आपल्याकडे आम्ही तो आवाज कधी ऐकलाच नव्हता, आमचा स्क्रूज हिंदीत बोलत असे, तरीही आवाज बदलल्याचे दुःख काय असते ते आम्हाला वेगळे समजावून सांगायला नको. २०१६ मध्ये मोगलीचा नवा चित्रपट आला तेव्हा हिंदीत शेरखानला पुन्हा नाना पाटेकरांचाच आवाज दिला होता. चित्रपटगृहाच्या काळोखात ते पहिले वाक्य आले आणि माझ्या मागच्या रांगेतल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांनी सोडलेला सुस्कारा मला स्पष्ट ऐकू आला. वाघ संगणकावर तयार केलेला होता, जंगलही तसेच होते, पण आवाज घरचा होता, आणि तेवढ्यावर त्या माणसाने बाकीचे सगळे मान्य केले होते. डकटेल्सच्या बाबतीत तो आधार नव्हता. होते ते फक्त शीर्षकगीत, आणि नव्या कलाकारांनी मिळून ते गायल्याची चित्रफीत आली तेव्हा आदल्या महिन्यापर्यंत रागावलेली माणसेही विरघळली. चेहरा बदलला तर भांडावे आणि सूर राखला तर रडावे, अशी ही प्रेक्षकाची जात आहे, आणि मी तिच्यातलीच आहे.

आमच्या वसाहतीतले आम्ही सात-आठ जण अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी मिसळ खायला जमतो. त्या वेळी मी हा विषय काढला. एकाने पाव मोडता मोडता ठामपणे सांगितले की जुन्या गोष्टींना हातच लावू नये, नवीन काही सुचत नसेल तर गप्प बसावे. दुसऱ्याचे म्हणणे होते की जुनी मालिका त्याने मुद्दाम पुन्हा लावून पाहिली आणि ती त्याला चक्क संथ वाटली, त्या तीन पिल्लांत फक्त कपड्यांच्या रंगाचाच फरक आहे, आणि वेबी, म्हणजे स्क्रूजचे घर सांभाळणाऱ्या बाईंची नात, बिचारी बाहुली कवटाळून मागे मागे फिरते, एवढेच तिचे काम. नव्या मालिकेत एक पुस्तकी आहे, एक धाडसासाठी आसुसलेला आहे, एक आळशी आणि हिशेबी आहे, आणि वेबी तर तिघांनाही भारी आहे, हे त्याने आपल्या मुलांबरोबर पाहून मनापासून कौतुकाने सांगितले. या वादात तिसरा इतका वेळ गप्प होता. त्याचेही वडील प्रेसमध्येच होते. तो म्हणाला, "मला पहिल्यांदाच तो म्हातारा आपल्यातला वाटला." का, असे कुणी विचारले नाही, कारण तेवढ्यात कट आला आणि वाट्या फिरू लागल्या. मला मात्र त्याचे म्हणणे घरी आल्यावरही पुसता येईना, आणि त्या रात्री मुलगी झोपल्यावर मी एकटीने पहिल्या भागापासून पाहायला सुरुवात केली.

पहिल्या भागाच्या अगदी शेवटी निळ्या कपड्यांतल्या ड्युईला एक जुने चित्र सापडते. चित्रात स्क्रूज आहे, डोनाल्ड आहे, आणि दुमडलेला कोपरा उलगडल्यावर त्यांच्या शेजारी आणखी कुणीतरी आहे. ड्युई एकच शब्द उच्चारतो आणि भाग संपतो.

तो शब्द "आई" असा आहे.

मी टीव्ही बंद करून बराच वेळ बसून राहिले. मला एकदम लक्षात आले की गोंधळ शब्दातच होता. जुन्या मालिकेत स्क्रूज "अंकल" होता आणि डोनाल्डही "अंकल" होता. अंकल या शब्दाला बाप लागत नाही आणि आईही लागत नाही. शेजारचे अंकल असतात, दुकानातले अंकल असतात, रिक्षावाल्यालाही मुले अंकल म्हणतात. मराठीत नाते सांगायचे तर असे चालत नाही. डोनाल्ड हा त्या मुलांच्या आईचा भाऊ, म्हणजे सख्खा मामा. स्क्रूज हा डोनाल्डच्या आईचा भाऊ, म्हणजे डोनाल्डचा मामा आणि या मुलांच्या आईचाही मामा. सगळी वंशावळ मामांनीच भरलेली आहे, आणि मामा म्हटले की आई आलीच, तिच्यावाचून तो शब्दच उभा राहत नाही. आम्ही घरात दिवसातून पन्नास वेळा "मामा" म्हणत होतो आणि टीव्हीवर "अंकल" ऐकत होतो, आणि हे "अंकल" नक्की कोण लागतात असा प्रश्न आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. मुलांच्या कपड्यांचे रंग आम्ही वाटून घेतले, पण ती कुणाची मुले आहेत ते विचारले नाही. नव्या मालिकेच्या लेखकांनी नवीन काही घातले नव्हते. १९३७ मध्ये वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत ही तीन पिल्ले डोनाल्डच्या दारात पहिल्यांदा उभी राहिली तेव्हाही त्यांच्या आईची चिठ्ठी आलेली होती. ती चिठ्ठी ऐंशी वर्षे तशीच पडून होती. २०१७ मध्ये कुणीतरी ती उचलून वाचली, एवढेच झाले.

पुढच्या रविवारी मुलीला घेऊन मी नाशिकरोडला गेले. मामांना आता ७८ वे वर्ष आहे, वसाहतीतले घर निवृत्तीबरोबर सुटले आणि ते जेलरोडला स्वतःच्या दोन खोल्यांत राहतात. मुलीने टॅबलेटवर त्यांना ती मालिका दाखवायला घेतली आणि मध्येच एके ठिकाणी त्यांनी बोट वर करून थांबवायला सांगितले. मग उठून कपाटातून भिंग आणले आणि पडद्यावर धरले. स्क्रूजच्या मागच्या भिंतीवर, आकाशात, सावल्यांत बारीक बारीक ठिपके होते. मला ते तोवर दिसलेच नव्हते. "ही छपाई आहे," मामा म्हणाले. "जुन्या रंगीत पुस्तकांची छपाई. अशी ठिपक्यांची असायची. पडद्यावर ठिपके कशाला लागतात? हे कुणीतरी मुद्दाम काढलेत." मुलीने विचारले, मामाआजोबा, नोटेवरही असे ठिपके असतात का? त्यांनी पाकिटातून एक नोट काढली, भिंग तिच्या हातात दिले आणि नोट उजेडाकडे तिरपी धरून गांधीजींच्या कपाळावरून तिचे बोट हळूच फिरवले. "नोटेवर रेघा असतात. ठिपका नाही. सगळी रेघ. आणि ती हाताला लागते बघ." माझी मुलगी बराच वेळ त्या एका कपाळाच्या रेघा मोजत राहिली.

मामांनी बरोबर ओळखले होते. स्क्रूज मुळात चित्रपुस्तकातला आहे. कार्ल बार्क्स या चित्रकाराने १९४७ मध्ये तो पहिल्यांदा काढला, आणि त्या स्वस्त कागदावरच्या ठिपक्यांची आठवण ठेवून नव्या मालिकेच्या चित्रकारांनी ते ठिपके पडद्यावर आणले. मला या गोष्टीने फार विचारात पाडले. मी जिला खरी म्हणत होते ती १९८७ ची मालिका हीसुद्धा कुणाच्या तरी आठवणीतल्या गोष्टीची नवी मांडणीच होती. बार्क्सच्या पुस्तकांत डोनाल्ड सगळीकडे बरोबर असायचा, आणि आमच्या मालिकेने त्याला सुरुवातीलाच नौदलात धाडून दिले. वेबी आणि वैमानिक लाँचपॅड ही पात्रे तर त्या मालिकेसाठीच नव्याने तयार केलेली होती. म्हणजे १९८७ मध्येही कुठल्यातरी घरात कुणीतरी मोठे माणूस हातातले काम सोडून बाहेर आले असेल आणि ही खरी नाही असे मुलांना म्हणाले असेल. नव्या मालिकेने डोनाल्डला घरी परत आणले. जिला मी परकी म्हणत होते ती माझ्या खऱ्या मालिकेहून जुन्या घराच्या जास्त जवळ होती. हे मान्य करणे मला सोपे गेले नाही आणि अजूनही पुरते गेलेले नाही, कारण ती पळती बडबड मला अजून खुपते. जुन्या मालिकेत जहाज क्षितिजावर जाताना दिसे आणि क्षणभर कुणीच बोलत नसे. हाताने रंगवलेले ते आकाश पाहायला वेळ मिळत असे. नव्या मालिकेत आकाश सुंदर आहे, पण तेवढा निवांतपणा नाही.

तरीही मी ती शेवटपर्यंत पाहिली, आणि मिसळीच्या टेबलावर गप्प बसलेल्या मित्राला काय म्हणायचे होते ते पहिल्या वर्षाच्या अखेरीस कळले. मुलांची आई डेला ही वैमानिक. पिल्ले अजून अंड्यांत असताना, स्क्रूजने तिच्यासाठी बांधायला घेतलेले अग्निबाण ती पूर्ण तयार होण्याआधीच घेऊन अवकाशात जाते आणि वादळात हरवते. स्क्रूज तिला शोधायला एकामागून एक याने पाठवतो, तिजोरी उपसत जातो, आणि शेवटी हिशेबनीस त्याला थांबवतात. ज्या नाण्यांत त्याला सूर मारताना पाहून आम्ही टाळ्या वाजवल्या, ती नाणी या माणसाने हरवलेल्या भाचीसाठी जवळजवळ संपवली होती, आणि ते मुलांना सांगण्याचे धैर्य त्याला दहा वर्षे झाले नव्हते. मुलांना कळते तेव्हा ती त्याला नको नको ते बोलतात आणि घर सोडून जातात. रिकाम्या घरात तो एकटा उरतो. २०१८ मध्ये हा भाग आला तेव्हा ज्यांनी आदल्या वर्षी टोकदार चेहऱ्यांवरून रान उठवले होते, त्यांतलेच कित्येक जण या भागाने हलून गेले. मला ओसरीवरची पाकिटे आठवली. पाचव्या वर्षी, मी नववीत असताना, मामांनी प्रेसच्या पतपेढीतून कर्ज काढले होते ते आमच्या फीसाठी, हे मला लग्नानंतर मामेभावाकडून कळले. मामांनी स्वतः कधी तोंडातून काढले नाही. मीही विचारले नाही.

आई आता माझ्याकडे असते. डेला चंद्रावर अडकून पडली आहे, तो भाग मुलीने आजीला शेजारी बसवून दाखवला, वाक्यावाक्याला मराठीत समजावून सांगत. अपघातात गेलेल्या पायाच्या जागी डेलाने स्वतः लोखंडी पाय बनवला आहे, ती रोज नादुरुस्त यानाची डागडुजी करते आणि न पाहिलेल्या मुलांसाठी रचलेली अंगाई एकटीच म्हणते. मी दाराशी उभी राहून पडद्याकडे कमी आणि आईकडे जास्त पाहत होते. मला वाटत होते की ती रडेल, आणि ती रडली तर काय करायचे ते मला सुचत नव्हते. आई रडली नाही. पेठच्या पाड्यांवर पावसात होडीतून लसींचा डबा नेलेल्या बाईने चंद्रावरच्या बाईची सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "आणि इतकी वर्षं पोरांचं कोण बघत होतं?" मुलगी म्हणाली, त्यांचा मामा. "मामी नव्हती का?"

मुलगी क्षणभर अडखळली. मग म्हणाली, मामी नाही, पण आता मोठ्या घरात वेबीची आजी आहे, बीकली बाई, तीच घर सांभाळते, आणि आजी, ती आधी गुप्तहेर होती! आईने मान डोलावली. "असणारच," ती म्हणाली.

त्या "असणारच"मागे माझी मामी उभी होती. डकटेल्सची म्हणून जी आठवण मी तीस वर्षे जपली, तिच्यात मामी कुठेच नाही. पडदा आहे, तीन रंग आहेत, मामांचे वर्तमानपत्र आहे. त्याच वेळी आतल्या खोलीत स्टोव्हचा आवाज चालू असे आणि चार माणसांच्या स्वयंपाकाला सहा माणसे जेवून उठत. माझ्या केसांत उवा झाल्या तेव्हा मामीने स्वतःच्या मांडीवर पांढरे धोतर पसरून त्या काढल्या. भावाला गोवर आला तेव्हा नऊ रात्री ती त्याच्या उशाशी बसली होती. आई आली की मामी म्हणे, "वन्सं, पोरं तुमची वाट बघत होती," आणि हे ती आम्ही टीव्हीपुढून न उठता, मागे वळूनही न पाहता बसलेले असताना आमच्या देखत म्हणे. ते खोटे होते आणि तिला ते माहीत होते. आईच्या पोटात तेवढे सुख जावे म्हणून ती दर पंधरवड्याला ते बोलत असे.

हंगेरीत माझ्या वयाच्या लोकांना डकटेल्स पिढी असेच म्हणतात. १२ डिसेंबर १९९३ हा रविवार होता, तिथल्या सरकारी वाहिनीवर ही मालिका चालू होती, आणि मध्येच चित्र थांबून शोकसंगीत सुरू झाले. पंतप्रधान योझेफ अंताल गेले होते. मुलांना काहीच कळेना. भागाचे पुढे काय झाले ते त्यांना त्या दिवशी दिसले नाही, आणि तो अडथळाच त्यांच्या आठवणीत कायमचा राहिला. हे वाचले तेव्हापासून मी माझ्या रविवारांतले अडथळे आठवून पाहते आहे. वीज जायची, वाऱ्याने अँटेना फिरायची, मामेभाऊ गच्चीवर पळायचा आणि आम्ही खालून ओरडायचो. आणखी एक अडथळा होता. मागून आईचा आवाज यायचा, शाळेत काय चाललंय, बाई काय म्हणतात, दूध पितेस ना, आणि मी म्हणायचे, "थांब ना आई, आत्ता नको." ती थांबायची. मग नुसता कंगवा चालायचा. रिबीन दातांत धरलेली असल्यामुळे तिला तसेही बोलता येत नसे, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

आठ दिवसांपूर्वी मी शेवटी विचारले. पाऊस थांबला होता, मुलगी खाली खेळायला गेली होती आणि आई बाल्कनीत तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, "आई, तू पंधरा दिवसांनी यायचीस आणि आम्ही तुझ्याकडे पाठ करून त्या बदकांची मालिका बघत बसायचो. तुला काय वाटायचं गं?"

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "मला ती मालिका आवडायची," ती म्हणाली.

मला ते खरे वाटले नाही. तू तर पडद्याकडे बघायचीसुद्धा नाहीस, मी म्हणाले.

"एरवी तू दोन मिनिटं बसायची नाहीस. ती लागली की हलायची नाहीस. दोन मालिका असायच्या ना पाठोपाठ? पहिली संपेपर्यंत तुझ्या वेण्या घालून व्हायच्या." तिने सूप जरा हलवले. "मग मी त्या सोडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून घालायचे. तुला कळायचंही नाही."